पाण्याचं वजन

पलटण वर जाणार हे मला गोव्यात घरी, इब्रामपूरला, रजेवर असताना कळलं. काजूचा हंगाम होता. डोंगरावर बोंडं पडली होती आणि मी आईबरोबर बिया वेगळ्या करत बसलो होतो. सुभेदार साहेबांचा फोन आला. रजा रद्द. आधी बेसला रिपोर्ट करायचं, तिथून बर्फावरच्या पोस्टवर. आईने विचारलं, "थंय थंडी असता मां रे?" मी म्हटलं, "असता गे." यापलीकडे आम्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं.

हे मी का सांगतो ते आधी सांगतो. मी हवालदार उल्हास परब, रिटायर. आई गेली, मागोमाग बायको गेली. मुलगी बेळगावला दिली आहे, ती आपल्या संसारात सुखी आहे. घरात मी एकटा. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंपू वाजवत येतो, मी दोन उंडे घेतो, आणि त्याच्याशी चार शब्द होतात. कित्येकदा दिवसभरात तेवढेच.

म्हणून रविवारी मी देवळाच्या मंडपात जाऊन बसतो. बरोबर वजनाचा काटा, शिंप्याची टेप आणि बीपीचं मशीन. डॉक्टर नाही मी, औषध देत नाही. मापं घेतो आणि घरी लिहून ठेवा म्हणून सांगतो. लोकांना वाटतं परबाला समाजसेवेची हौस. हौस कसली, माणसं येतात, बोलतात. माझाही वेळ जातो.

पण येणारे तरी काय एकेक! आमचा बाबलो खाणीवर ट्रक चालवायचा, आता स्वतःचे दोन आहेत. टेप लावली की पोट आत ओढतो आणि छाती काढून उभा राहतो. मी म्हणतो, "श्वास सोड रे बाबल्या, टेप पळान जाणा नाय." तो म्हणतो, "माजी कंबर चौतीस. पँटीर लिवलेली आसा." अरे, पँट तू पोटाच्या खाली बांधतोस. पोट वर मोकळंच राहिलं, ते कोण मोजणार? माप बेंबीच्या लेव्हलला घ्यायचं, उभं राहून, श्वास नेहमीसारखा सोडून. टेप आवळायची नाही. त्याची भरली त्रेचाळीस. तो म्हणाला, तुझी टेपच खोटी.

बीएमआयचंही तसंच. उंचीच्या मानाने वजन किती, एवढंच तो आकडा सांगतो. दिवसभर नांगर धरणारा गडी आणि खुर्चीत बसून फुगलेला क्लार्क, दोघांचा बीएमआय एक येऊ शकतो. वजनाचा काटा मांस, चरबी, हाड काही ओळखत नाही. आणखी एक गोष्ट तो ओळखत नाही, आणि तीच मला सांगायची आहे.

पोस्टवर आम्ही नऊ जण होतो. फायबरचं एक छोटं घर, केरोसिनचा स्टोव्ह, एक रेडिओ सेट. चारही बाजूंना पांढरं. पहिले काही दिवस माणूस बघत राहतो, मग बघायचं सोडून देतो. पाखरू नाही, झाड नाही, मातीचा वास नाही. एकदा घरून आलेल्या पार्सलातल्या कोकमाच्या सोलांना आमची माती लागली होती, ती मी किती तरी वेळ बोटावर धरून बसलो होतो. हसाल तुम्ही. पण तिथे एकटेपणा असा अंगात शिरतो की नऊ माणसांत बसूनही माणूस एकटाच.

माझं नशीब एवढंच की माझा बडी आमोण्याचा होता. फौजेत जोडी लावून देतात, त्याला बडी म्हणतात. तो जेवला का, झोपला का, वेडंवाकडं बोलतो का, यावर दुसऱ्याने नजर ठेवायची. माझा बडी लान्स नायक दामोदर गावस. मी पेडण्याचा, तो डिचोली तालुक्यातला. मी "काय" म्हणायचो, तो "कितें" म्हणायचा. मी "पाणी" म्हटलं की तो "उदक" म्हणायचा आणि यावर आमचा रोज वाद. बाकीचे सात म्हणायचे, हे दोघे भांडतायत की बोलतायत?

गावस आमच्यासारखाच इन्फन्ट्रीचा शिपाई, पण नर्सिंग असिस्टंटचा कोर्स करून आलेला. पोस्टवर तोच आमचा डॉक्टर. सकाळी चहाच्या आधी तो सगळ्यांची नाडी बघायचा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावायचा. आठवड्यातून एकदा वजन. काटा सपाट राहावा म्हणून खाली फळी टाकायची. बर्फाचे कपडे काढून, आतल्या कपड्यांवर, पोटात काही जायच्या आधी, सगळ्यांनी सारखंच. तो म्हणायचा, एकदा बूट घालून आणि एकदा बूट काढून वजन करशील तर तुझं नाही, बुटाचं माप घेतलं.

नाडी कशी बघायची ते त्याने आम्हा सगळ्यांना शिकवलं. अंगठ्याखालच्या बाजूला, मनगटावर, दोन बोटं. अंगठा वापरायचा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. मनगटावर लागली नाही तर गळ्यावर, घाटीच्या बाजूला. आम्ही एकमेकांच्या गळ्यावर बोटं ठेवून हसायचो.

त्या उंचीवर भूक मरते. जेवण समोर आलं की मळमळतं. माणसं वाळत जातात. दर वजनाला कोणी दीड किलो उतरलेला, कोणी दोन. कदम म्हणून साताऱ्याचा शिपाई होता, त्याची पँट कंबरेवर राहीना. एक मीच असा की माझं वजन उतरेना. आधी तिथेच थांबलं, मग वाढलं. मग आणखी वाढलं.

काय ती मजा झाली! आपल्याकडे कसं म्हणतात, खाल्लेलं अंगाला लागलं. मुलगी माहेरी आली आणि जरा भरलेली दिसली की बायका सुखावतात, सासर मानवलं म्हणतात. तसंच माझं झालं. गावस काट्यावर वाकून ओरडला, "पळयात रे, पेडणेकाराक बर्फ मानवलां!" पोस्ट कमांडर कॅप्टन साहेब हसून म्हणाले, "परब, क्या सेहत बनाई है!" त्या दिवशी मला जास्तीचा हलवा मिळाला. मला खरंच बरं वाटलं होतं. घरच्या पत्रात मी आईला लिहिलं, काळजी करू नकोस, मी जाड झालो आहे.

तोंड सुजल्यासारखं होतं, पण तिथे सगळ्यांचीच तोंडं सकाळी सुजलेली असायची. दम लागत होता, तोही सगळ्यांनाच लागत होता. बूट घट्ट होऊ लागले. मला वाटलं दोन जोड मोजे घातल्यामुळे.

मग करगोटा काचायला लागला. आमच्याकडे पुरुषाच्या कमरेला काळा दोरा असतो, लहानपणी आई बांधते तेव्हापासून. तुटला तर नवा बांधायचा, पण कंबर मोकळी ठेवायची नाही. माझा त्या दिवशी इतका रुतला की बसता येईना. गावसला म्हटलं, "मागची गाठ जरा सैल कर रे, माजो हात पोचणा नाय."

त्याने शर्ट वर केला. दोऱ्याने कातडीत खोल घळ पाडली होती. त्याने टेप आणली. पोटाचा घेर घेतला. मग मला बूट काढायला सांगितले आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला. पिठाच्या गोळ्यावर बोट दाबल्यासारखा.

"रात्री आडवो न्हिदता तूं?"

"नाय. दम लागता. बसान झोपतंय."

"कितले दिस?"

"चार-पाच आसतील."

"आनी माका सांगूंक ना?"

"तुज्याच बाजूक बसान झोपतंय मरे!"

तो उठून उभा राहिला. "परब, हें मांस न्हय. हें उदक. तुज्या आंगांत उदक भरलां."

उंचीवर कुणाकुणाच्या हृदयाला काम झेपेनासं होतं आणि अंगात पाणी साठत जातं, हे मला नंतर हॉस्पिटलात समजावून सांगितलं. चरबी चार दिवसांत किलो किलोने वाढत नाही. इतक्या लवकर वाढतं ते पाणीच. ज्याच्या पायावर सूज आहे, दम लागतो आणि वजन दोन-तीन दिवसांत चढलं आहे, त्याने अंगाला लागलं म्हणून खूश होऊ नये, डॉक्टरकडे जावं. मंडपात मी हे दर रविवारी सांगतो.

कॅप्टन साहेबांनी लगेच बेसला सेट लावला. तिथल्या डॉक्टरांशी बोलणं हिंदी-इंग्रजीत झालं, मी मराठीत देतो.

"पेशंटचं वजन? ओव्हर."

गावसने आजचं आणि मागच्या तिन्ही वेळचं सांगितलं.

"ऑक्सिजन? ओव्हर."

त्याने सांगितला.

"आडवा झोपू शकतो? ओव्हर."

"नाही सर. बसून. ओव्हर."

"पाणी काढायची गोळी द्या. ऑक्सिजन लावा. आणि खाली आणा. उंचीवर राहिला तर वाचणार नाही. खाली आला की बरा होईल. समजलं? ओव्हर."

"समजलं सर. आउट."

हे सगळं मी सेटच्या बाजूला बसून ऐकत होतो. राहिला तर वाचणार नाही. मला आई आठवली नाही की देव आठवला नाही. मी मनात म्हटलं, आता हे लोक मला टाकून देतील आणि मी या बर्फात एकटाच मरेन. असं कुणी वागलं नव्हतं, वागणारही नव्हतं. पण भीतीला अक्कल नसते.

हेलिकॉप्टर मागितलं. हवा खराब, उडणार नाही. दुसऱ्या दिवशी परत मागितलं, तेच उत्तर. माझे ओठ निळे पडले होते. कॅप्टन साहेबांनी बाहेर जाऊन हवा बघितली, आत आले आणि म्हणाले, "स्लेज. सकाळी निघा. खालच्या पोस्टच्या लोकांना अर्ध्या वाटेवर बोलावतो. कदम आणि आणखी दोघे जातील. गावस, तू थांब, पोस्टला तू लागतोस."

गावस म्हणाला, "साहेब, पेशंट माझा आहे."

"वाटेत हे तिघे बघतील त्याला."

"साहेब, बडी पण माझा आहे."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं आणि दोघांतल्या एकाचं नाव कापलं.

सकाळी निघालो. मला स्लीपिंग बॅगमध्ये घालून स्लेजवर बांधलं, उशाला ऑक्सिजनची बाटली. सगळ्यांना एकच रोप. पुढे गावस काठीने बर्फ चाचपत आणि ओढत, मग कदम, मग स्लेज, मागे आणखी एक जण. मी मागे टेकून अर्धवट बसलेलो, मला गावसची पाठ आणि राखी आकाश एवढंच दिसत होतं. मधेच तो वळून ओरडायचा, "परब, जितो आसा मरे?" मी हात वर करायचो. एकदा तो धापा टाकत म्हणाला, "आमोण्याक पावलो की तुका पोवपाक लायतां, इतलें उदक घेवन हिंडटा!" गावी पोचलो की मला पोहायला लावणार म्हणे. तेवढ्यातही मला हसू आलं.

निम्म्याहून जास्त वाट झाली होती. खालच्या पोस्टची माणसं टिपक्यांसारखी दिसायला लागली होती. गावसने काठी टोचली, पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तो दिसेनासा झाला. आवाज काही झाला नाही. फक्त रोप ताणली गेली.

कदम पालथा पडला आणि त्याने कुऱ्हाड बर्फात मारली. मागचा ओरडला, "होल्ड! होल्ड!" स्लेज फूटभर पुढे सरकली आणि थांबली. त्यांनी अँकर लावला. खालची माणसं धावत आली, धावता येत नाही त्या उंचीवर, तरी आली. त्याला बर्फातल्या भेगेतून वर ओढायला बराच वेळ लागला. मी बांधलेला. मला नुसतं बघत राहावं लागलं.

वर काढला तेव्हा त्याचं हेल्मेट फुटलेलं होतं. अंगावर दुसरी जखम दिसत नव्हती. त्याला माझ्या स्लेजला लागून ठेवलं, तिथेच सपाट जागा होती. कदमला काही सुचेना. तो मला विचारत होता, "हवालदार, नाडी? नाडी कशी बघायची?" शिकवली सगळ्यांना होती, पण आमच्यात नाडी बघणारा एकच होता.

मी हातमोजा काढला आणि त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. लागली नाही. गळ्यावर ठेवली, घाटीच्या बाजूला. मला वाटलं माझी बोटं बधिर आहेत. ती तोंडात घालून गरम केली आणि पुन्हा ठेवली. परत गरम केली. कदम म्हणाला, "बस करा, हवालदार." मी बस केलं नाही. खालच्या पोस्टच्या नर्सिंग असिस्टंटने येऊन माझा हात बाजूला केला तेव्हा मी सोडलं.

आम्हा दोघांना एकाच दिवशी खाली आणलं. मला हॉस्पिटलात नेलं. खाली हवा दाट. महिना व्हायच्या आत माझं सगळं पाणी उतरलं, वजन पहिल्यासारखं झालं, डॉक्टर पाठीवर थाप मारून गेले. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. बरा होत होतो याची मला लाज वाटायची. ही लाज अजून गेली नाही, आणि ती जाईल असं मला कुणी खोटं सांगू नये.

पुढे मी नोकरी पुरी केली. रिटायर झाल्यापासून वर्षातून दोनदा आमोण्याला जातो. पेडण्याहून डिचोली, तिथून दुसरी बस. गावसची आई अजून आहे. वडील आधीच वारले होते, थोरल्या मुलाचं कुटुंब वरच्या वाड्यावर राहतं. ती नदीकडच्या जुन्या घरात एकटी. मी गेलो की तिचं बीपी घेतो. दवाखान्यात ती हात पुढे करत नाही, माझ्यापुढे करते.

आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोललो नव्हतो. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बीपी घेताना माणसाने टेकून बसायचं, पाय जमिनीला लावायचे, आधी पाच मिनिटं शांत राहायचं आणि मशीन चालू असताना बोलायचं नाही. हा नियम आम्हा दोघांनाही सोयीचा होता.

गेल्या खेपेला गेलो. "येयलो रे पुता?" म्हणून तिने जनेलाकडची, म्हणजे खिडकीकडची, खुर्ची दिली. मी पट्टा बांधला, बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला आणि ती बोलली.

"खरें सांग. म्हजो दामू तुका ओडटालो तेन्ना तूं खूब जड आशिल्लो?"

पंधरा-वीस वर्षं हा प्रश्न तिच्यापाशी होता आणि मी दर खेपेला पट्टा गुंडाळून निघून येत होतो.

"होय आये," मी म्हटलं. "जड होतो. अंगात पाणी भरलेलं."

तिने मान हलवली. मग तिला हसू आलं. "घरांत कळशीभर उदक हाड म्हळ्यार बोब मारतालो तो. सगळो वाडो आयकतालो." कळशीभर पाणी आण म्हटलं की बोंब ठोकणारा दामू! हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि मलाही आवरलं नाही. त्याला वर काढला तेव्हा मी रडलो नव्हतो, हॉस्पिटलात नाही, बायको गेली तेव्हाही एवढा नाही. त्या खुर्चीपाशी जमिनीवर बसून रडलो.

मशीन थांबलं होतं. आकडा फार वर होता. बोललं की तो चढतोच, तो धरायचा नसतो. मी डोळे पुसून पट्टा पुन्हा बांधला.

"परत घेऊया आये. आता बोलू नको हां."

"उलयना," ती म्हणाली. मी बटण दाबलं. पट्टा फुगायला लागला. ती नदीकडे बघत होती.

"कळशी हाडिनाशिल्लो," ती म्हणाली. "पूण तुका हाडलो."

तो आकडाही मी धरला नाही.